थंडीत गाडीतला हीटर, सीट हीटर, डिफ्रॉस्ट हे सगळं नक्की किती बॅटरी खातं?

चिनूकवाली, कॅल्गरी

नमस्कार मंडळी, कॅनडात बरीच वर्षं झाली पण इलेक्ट्रिक गाडीतला हा आमचा पहिलाच हिवाळा. गाडीची बॅटरी साधारण ७० युनिटची आहे, हीट पंप आहे, पुढच्या दोन सीटना हीटर आहेत, मागे काही नाही. उन्हाळ्यात चारशेच्या वर किलोमीटर सहज जायची, आता बाहेर उणे १८ असलं की २६०-२७० च्या पुढे आकडा सरकत नाही.

यांचं म्हणणं की हीटर बंद ठेवायचा आणि सीट हीटरवर भागवायचं, कारण सीट हीटर काहीच खात नाही म्हणे. पण माझी आई साताऱ्याहून बाळंतपणाला आलीय, बाळ दीड महिन्याचं आहे, आणि ती दोघं मागे बसतात जिथे सीट हीटरच नाही. मग आई कुडकुडते, मी हीटर २३ वर करते, हे तो १८ वर आणतात, आणि प्रत्येक सिग्नलला हेच चालू. पेट्रोलच्या गाडीत हा विषय कधी निघालाच नव्हता, आत बसलो की पाच मिनिटांत मस्त ऊब.

मला नीट समजून घ्यायचंय की कोणती गोष्ट किती खाते, तापमान २३ चं १८ केलं तर खरंच एवढा फरक पडतो का, आणि जानेवारीत एडमंटनला जायचंय ते जमेल का. आणि वाटेत बर्फात अडकलो तर काय, ही भीती वेगळीच. कुणी आकड्यांत सांगितलं तर बरं होईल, कारण घरात आता आकड्यांशिवाय हा वाद मिटणार नाही.

वायरमन, पुणे

ताई, मी चाकणला गाड्यांच्या कूलिंग आणि हीटिंगच्या कामातच आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पेट्रोलचं. पेट्रोल इंजिनात जेवढी ऊर्जा जळते तिचा साधारण पाव, फार तर तिसरा हिस्साच चाकांकडे जातो, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून वाया जाते. त्यातलंच थोडं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवलं, मागून ब्लोअर मारला, झाला हीटर. म्हणजे तुम्हाला जी ऊब फुकट वाटायची ती इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून येत होती. इलेक्ट्रिक मोटर मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावते त्यामुळे वाया जाणारी उष्णता फारशी उरतच नाही, मग केबिन गरम करायची तर ती ऊर्जा बॅटरीतूनच काढावी लागते.

आता कोण किती खातं. एक सीट हीटर ५० ते १०० वॅट, सुरुवातीला जास्त मग कमी. स्टिअरिंगचा हीटर त्याहून कमीच. मागच्या काचेच्या तारा दीड-दोनशे वॅट पण त्या दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतात. ब्लोअर शंभर-दोनशे वॅट. गाणी, एलईडी दिवे, मोबाईल चार्जिंग यांचा विचारच करू नका. आणि केबिनचा हीटर? गार गाडी गरम करताना पाच-सहा किलोवॅट म्हणजे पाच-सहा हजार वॅट, आणि एकदा गरम झाली की तुमच्या त्या उणे १८ मध्ये दीड ते तीन किलोवॅट. म्हणजे पुढचे दोन्ही सीट हीटर तासभर चालले तर फार तर पाव युनिटही जात नाही आणि केबिनला दोन-अडीच युनिट जातात. तेव्हा यजमानांचं सीट हीटरबद्दलचं म्हणणं बरोबर आहे.

केबिनला एवढं का लागतं याचं मुख्य कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. काचा आणि पत्रा यातून उष्णता जातेच, पण मोठा खर्च आहे ताज्या हवेचा. हीटर बाहेरची हवा आत ओढतो, ती गरम करतो आणि तितकीच गरम झालेली हवा मागून बाहेर निघून जाते, सतत. समजा सेकंदाला ३० लिटर हवा आत येतेय तर तिला उणे १८ वरून २२ वर न्यायलाच दीड ते पावणेदोन किलोवॅट लागतात, काचेतून जाणारी उष्णता वेगळीच. म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की खर्च एकदम कमी होतो, पण चार माणसांच्या श्वासातली वाफ आतच राहते आणि काचांवर धुकं धरतं, कडाक्याच्या थंडीत तर आतून बर्फच जमतो. बऱ्याच नव्या गाड्या ऑटो मोडमध्ये दमटपणा मोजून थोडी आतली थोडी बाहेरची हवा असं मिश्रण स्वतःच करतात, त्यामुळे ऑटोवर ठेवून द्या आणि हात लावू नका हा माझा सल्ला.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या हवेतली आणि मोटर-बॅटरीतली थोडीफार उष्णता उचलून आत आणतो. बाहेर ५ अंश असताना एका युनिटात दोन-तीन युनिटाची ऊब मिळते. पण बाहेर जितकं गार तितका त्याचा फायदा घटतो, उणे १८-२० ला एकास दीडच्या आसपास आलं तरी नवल नाही आणि बऱ्याच गाड्यांत तेव्हा साधा विजेचा हीटर मदतीला येतो. म्हणजे हीट पंप आहे म्हणून कॅल्गरीच्या जानेवारीत निर्धास्त राहू नका, तो नोव्हेंबर आणि मार्चमध्ये जास्त कामाचा.

राहिला २३ विरुद्ध १८ चा प्रश्न. खर्च आत-बाहेरच्या फरकावर ठरतो. बाहेर उणे १८ आणि आत २३ म्हणजे फरक ४१, आत १८ केलं तर ३६. वाचले जेमतेम बारा टक्के, तेही फक्त हीटरच्या खर्चातले, गाडीच्या एकूण खर्चातले नाहीत. दोन किलोवॅटमधले अडीचशे वॅट. त्यासाठी आईंना कुडकुडत ठेवणं मला तरी पटत नाही. बाहेर ५ अंश असेल तेव्हा हेच पाच अंश कमी केले तर पंचवीस-तीस टक्के वाचतात. जितकी थंडी जास्त तितकी तापमान कमी करून होणारी टक्क्यांतली बचत कमी, हे उलटं वाटतं पण गणित असंच आहे.

ओस्लोकर

वायरमन यांनी छान लिहिलंय, त्यात एक भर घालतो जी इथे राहून कळली. इथे नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या त्यामुळे हा विषय आमच्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांत हवापाण्यासारखा चालतो.

हीटर तासाच्या हिशोबाने खातो, किलोमीटरच्या हिशोबाने नाही. दोन किलोवॅटचा हीटर धरा. हायवेला ताशी १०० ने चाललात तर १०० किलोमीटरला दोन युनिट, गाडी चालवायला लागणाऱ्या वीसेक युनिटांपुढे ते काही फार नाही. तेच शहरात ट्रॅफिकमध्ये सरासरी २५ ने चाललात तर त्याच १०० किलोमीटरला आठ युनिट. म्हणून लोक म्हणतात की लांबच्या प्रवासात हीटर बंद करून रेंज वाढवू, पण तिथे वाचतं कमी, आणि रोजच्या डेकेअर-ऑफिस-दुकान या फेऱ्यांत खरा खर्च होतो जिकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यातही दहा मिनिटं चालवायची, तासभर पार्क करायची, पुन्हा दहा मिनिटं, असं केलं की प्रत्येक वेळी गार पडलेल्या सीटा, डॅशबोर्ड, काचा सगळं पहिल्यापासून गरम करावं लागतं आणि तो पाच-सहा किलोवॅटचा टप्पा दर वेळी येतो. स्क्रीनवर किलोमीटरमागचा आकडा दुप्पट दिसला तर घाबरू नका, गाडी बिघडलेली नाही.

यावर उपाय एकच आणि इथे सगळे तोच करतात, गाडी प्लगला लावलेली असतानाच गरम करायची. अॅपमध्ये निघायची वेळ टाकून ठेवा, गाडी अर्धा तास आधी केबिन तापवायला घेते आणि ती वीज भिंतीतून येते. बऱ्याच गाड्या त्यातच बॅटरीही कोमट करतात, त्याचा फायदा असा की निघाल्याबरोबर ब्रेकिंगमधून वीज परत मिळायला लागते, थंडगार बॅटरी ती फारशी घेत नाही. आणि बाळासाठी तर हे फारच चांगलं, बाळ गार गाडीत ठेवायची वेळच येत नाही.

आमच्याकडची वाहनचालकांची संघटना दर हिवाळ्यात डझनावारी गाड्या एकाच रस्त्यावर बॅटरी संपेपर्यंत चालवते, हीटर नेहमीसारखा लावून. तेव्हा दिसतं की कंपनीच्या आकड्यापेक्षा एखादी गाडी दहा टक्के कमी जाते तर एखादी तीस टक्के, म्हणजे गाडी कशी बनवलीय यालाही फार महत्त्व आहे. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या होत्या, उणे ६-७ अंशाला हीटर लावून रेंज सरासरी ४१ टक्के घटली आणि हीटर बंद ठेवून फक्त १२ टक्के. पण त्या तेव्हाच्या गाड्या, आज बऱ्याच सुधारल्यात, आणि हा ४१ चा आकडा लोक अजूनही प्रत्येक गाडीला लावतात ते बरोबर नाही.

मिनेसोटाची मावशी

अगं चिनूकवाली, मी आकड्यांतली नाही पण लहान मुलांच्या दवाखान्यात काम करते म्हणून कळकळीने सांगते. दीड महिन्याच्या बाळाला केबिनची ऊब हवीच, तिथे काटकसर नको. आणि हीटर कमी ठेवायचा म्हणून बाळाला जाडजूड फुगीर जॅकेट घालून कारसीटमध्ये बांधू नकोस. ते जॅकेट अपघातात दबून सपाट होतं आणि पट्टे सैल पडतात, आपल्याला वाटतं घट्ट बांधलंय पण आत जागा असते. पातळ कपड्यांचे दोन थर, टोपी, मोजे, पट्टे घट्ट बांधायचे आणि मग वरून ब्लँकेट, तेही छातीपर्यंतच, तोंडाकडे नाही. गाडी तापली की ब्लँकेट काढ, बाळं उकडूनही बेजार होतात आणि सांगू शकत नाहीत. म्हणजे गाडी आधीच गरम असणं किती सोयीचं बघ.

आईंसाठी वेगळा विचार कर. म्हाताऱ्या माणसांना पाय गार पडले की सगळंच गार वाटतं. हवा पायांकडे सोड, मागे पायाशी हवा येते का ते बघ, नसेल तर पुढची सीट थोडी वर करून बघ म्हणजे खालून वाट मिळते. लोकरीचे मोजे, मांडीवर गोधडी, आणि लांब जायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी. मग २३ ऐवजी २१ ला पण त्यांना चालेल, आणि तुझ्या नवऱ्यालाही बरं वाटेल.

आणि काचेचा डिफ्रॉस्ट कधीही बंद करायचा नाही, रेंज किती का घसरेना. निघायच्या आधी छतावरचा आणि दिव्यांवरचा बर्फ झाडून टाका, तो वितळवायला बॅटरी कशाला वापरायची.

चिनूकवाली, कॅल्गरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमन यांचं बारा टक्क्यांचं गणित यांना वाचून दाखवलं, स्वतः कागदावर करून बघितलं आणि पटलं. मावशी, जॅकेटचं मला खरंच माहीत नव्हतं, आज जुना स्नोसूट कपाटात गेला. आता एडमंटनचं कुणी सांगेल का? तीनशे किलोमीटर आहे आणि मध्ये रेड डिअर.

प्रेअरीवासी, एडमंटन

हा रस्ता आमचा नेहमीचा आहे, सांगतो. उणे वीसला, हीटर लावून, हायवे टू वर १०० किलोमीटरला २७-२८ युनिट धरा. तीनशेला ८०च्या वर झाले, तुमची बॅटरी ७०ची, म्हणजे एका दमात नाही. रेड डिअर साधारण मध्यावर, दीडशेला. तिथपर्यंत ४१-४२ युनिट जातील, पूर्ण भरून निघालात तर ४० टक्के उरलेले असताना पोचाल. ८५ पर्यंत भरा, एडमंटनला पंचवीसच्या आसपास उतराल. हीटर लावूनच. फक्त गाडीच्या नकाशात चार्जर हेच ठिकाण म्हणून टाका म्हणजे गाडी वाटेतच बॅटरी तापवून ठेवते, नाहीतर गार बॅटरीवर फास्ट चार्जर अगदीच हळू चालतो आणि बाळाला घेऊन तासभर थांबायची वेळ येते. चार्जिंग चालू असताना हीटर बिनधास्त लावा.

आता यजमानांसाठी एक गोष्ट. उणे १८ ची हवा २० अंशाच्या हवेपेक्षा साधारण पंधरा टक्के दाट असते आणि हायवेला गाडीची निम्मी ताकद हवा कापण्यातच जाते. ११० ऐवजी १०० ने चाललात तर हवेचा विरोध सतरा टक्क्यांनी घटतो, मी तुमच्यासारख्या गाडीचा हिशोब केला तर १०० किलोमीटरला दोन-सव्वादोन युनिट वाचतात. हीटर पूर्ण बंद केला तरी जवळपास तेवढेच वाचले असते! म्हणजे घरच्यांना गारठवायचं की पंधरा-सोळा मिनिटं उशिरा पोचायचं, एवढाच प्रश्न आहे. रेंज कमी पडतेय असं वाटलं तर आधी वेग कमी करा, मग टायरची हवा बघा कारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय उतरते, आणि हीटरला सगळ्यात शेवटी हात लावा. समोरून वारा असेल किंवा रस्त्यावर ताजा बर्फ असेल तर मात्र वरचे सगळे आकडे वाढवून धरा.

अडकण्याची भीती. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आय-९५ महामार्गावर बर्फामुळे लोक चोवीस तासांच्या आसपास अडकले होते तेव्हापासून हा प्रश्न सगळे विचारतात. गाडी उभी असताना फक्त ऊब ठेवायला दीड-दोन किलोवॅट. तुमची बॅटरी अर्धी असेल तर ३५ युनिट, म्हणजे सतरा ते तेवीस तास. तापमान १६-१७ वर आणून सगळे एकत्र बसलात तर आणखी. आणि यात एक मोठी गोष्ट, इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नाही. पेट्रोल गाडी बर्फात रुतून सायलेन्सर बुजला आणि इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साईड आत येतो, वास येत नाही, आणि दर हिवाळ्यात माणसं अशी दगावतात. तरी पन्नास टक्क्यांखाली बॅटरी असताना वादळाचा इशारा असेल तर निघूच नका, आणि गाडीत ब्लँकेट, फावडं, पाणी, बाळाचं दूध जास्तीचं ठेवा.

पेट्रोलच्या हीटरला फुकट म्हणतात त्याबद्दल पण एक. आमच्याकडे रात्री इंजिनाला ब्लॉक हीटर लावतात, साधारण ४०० वॅटचा, बंपरमधून वायर लोंबत असते ती बघितली असेल. चार तास चालला तर दीड युनिटच्या वर गेलं. शिवाय लोक सकाळी रिमोटने गाडी सुरू करून ठेवतात, उभ्या उभ्या तासाला लिटरच्या आसपास पेट्रोल. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे उणे ७ ला शहरात पेट्रोल गाडीचं मायलेज १५ टक्के घटतं, अगदी छोट्या फेऱ्यांना २४ टक्क्यांपर्यंत. तो खर्च पण थंडीचाच आहे, फक्त स्क्रीनवर दिसत नाही म्हणून त्यावरून घरात वाद होत नाहीत.

डोंगरवाट, नाशिक

धागा वाचतोय, मस्त माहिती. माझी गाडी साधी पेट्रोल, डिसेंबरमध्ये मनालीहून अटल टनेलमधून सिस्सूला जायचंय. ड्रायव्हर मित्र म्हणतो हीटर लावला की मायलेज पडतं आणि एसी तर थंडीत लावायचाच नाही. खरं काय?

वायरमन, पुणे

हीटरने मायलेज पडत नाही म्हटलं तरी चालेल, उष्णता इंजिनाची, खर्च फक्त ब्लोअरचा. पण सकाळी गाडी सुरू केल्या केल्या ब्लोअर फुल करू नका, गार हवाच येणार आणि इंजिन तापायला उलट उशीर लागेल, त्या वेळात ते जास्त पेट्रोल पितं. काटा थोडा वर आला की मग लावा. गाडी उभी ठेवून तापवत बसायची पण गरज नाही, मिनिटभराने हळूहळू निघालं की लवकर तापते. हायब्रिड घेऊन जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, थंडीत हीटर चालू असला की इंजिन सिग्नललाही बंद होत नाही कारण कूलंट गरम ठेवायचा असतो, त्यामुळे हायब्रिडचं मायलेज साध्या पेट्रोलपेक्षा जास्त घटलेलं दिसेल.

एसीचं मात्र मित्राचं चुकतंय. काच आतून धुरकट झाली की एसी चालूच करायचा, तापमानाचा नॉब गरमवर ठेवून. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती हवा गरम करतो, आणि अशी कोरडी गरम हवा काचेवर मारली की धुकं मिनिटभरात जातं. कॉम्प्रेसर थोडं पेट्रोल खाईल, खाऊ द्या, घाटात समोरचं दिसणं महत्त्वाचं. बाहेर शून्याच्या खाली गेलं की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद राहतो, तेव्हा बाहेरची हवा आत घ्यायचं बटण दाबा आणि ब्लोअर वाढवा, तिथली हवा मुळातच कोरडी असते त्यामुळे काच तरीही साफ होते. आतली हवा फिरवायचं बटण फक्त टनेलमध्ये, बाहेर पडलात की लगेच काढा. आणि निघायच्या आधी कूलंट आणि काचेचं पाणी दोन्ही तपासून घ्या, नाशिकमध्ये लोक काचेच्या टाकीत साधं नळाचं पाणी भरतात, ते सिस्सूला पहिल्याच रात्री गोठेल.